उशाची दिशा

दुपारी धाकू तांडेल खाटेवर आडवा होतो आणि पाय पश्चिमेला करतो. पश्चिमेला झोपडीचं दार आहे, दारापलीकडे दर्या. पायांच्या अंगठ्यांच्या मधून त्याला खाडीच्या तोंडाशी नांगरलेलं हसनमियांचं गलबत दिसतं. त्यात मलबारची कौलं भरलेली आहेत. परवा सकाळच्या ओहोटीबरोबर ते आफ्रिकेला निघणार. दाराच्या चौकटीला एक कुदळ टेकवून ठेवली आहे. तिला कालच नवा दांडा बसवलाय.

उशी सावरीच्या कापसाची. खोळीची नाडी कधीच तुटली. उघड्या तोंडातून कापूस बाहेर येतो आणि नाकात जातो. बायको, जैनबी, असती तर तिनं खोळीचं तोंड आत दुमडून, खाली दाबून ठेवलं असतं. ती गेली त्याला चौदा वर्षं झाली. धाकू उशी आहे तशीच डोक्याखाली घेतो.

बाहेर वाळूवर कुणाच्या तरी मचव्याच्या फटींत कापूस ठोकताहेत. ठक, ठक-ठक. मग थांबतात. पुन्हा ठक. धाकूला झोप नको आहे. संध्याकाळी हसनमिया उत्तर मागायला येतील. त्याआधी सगळं एकदा मनाशी नीट लावायला हवं. येतो म्हणायचं. त्या बेटावर जायचं. जैनबीची कबर उघडायची आणि तिला फिरवून ठेवायचं. एवढंच तर आहे. साठी उलटली म्हणून काय झालं, कुदळ मारायला हात अजून धड आहेत.

ठक, ठक-ठक.

मग ठोकणं खालून येऊ लागतं. खाटेच्या खालून. लाटा गलबताच्या पोटावर आपटतात, तसं.

"खडे किती ओ या तांदळात," जैनबी म्हणते. "मालकानं खडे विकत घेतले, तांदूळ वर मिळाले वाटतं."

ती 'जयवंती' गलबताच्या डोलकाठीच्या बुडाशी बसली आहे. पाठमोरी. मांडीवर सूप, निळ्या लुगड्याचा पदर डोक्यावर. धाकूच्या हातात सुकाणू आहे. गलबतावर त्याच्या झोपडीतली चूलही आहे आणि तिच्यावर भाताचं आधण उकळतंय. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

"जैनू," तो म्हणतो.

"बोला."

"इकडं बघ."

"हात गुंतलेत. तुमी बोला, कान मोकळे हायत."

त्याला तिचं तोंड बघायचं आहे. तो सुकाणू सोडून दोन पावलं पुढे जातो. तीही तेवढीच पुढे सरकते. उठत नाही, नुसती सरकते, आणि मधलं अंतर तेवढंच राहतं. सुपाची कड लांबत लांबत खाडीचा काठ होते.

आता तो तरीत उभा आहे. खाडी ओलांडायच्या होडीत. एका काठावर त्याची गाबतांची वाडी, दुसऱ्या काठावर तिचा मोहल्ला. दोन्हीकडे माणसं उभी आहेत आणि सगळी पाठमोरी. तरीच्या टोकाला ती बसली आहे, पाय पाण्यात सोडून. तीही पाठमोरी. पण पाठ तरुण आहे, वेणी कमरेखाली गेलेली.

"कुठं उतरणार?" तो विचारतो. तेव्हाही त्यानं हेच विचारलं होतं.

"तुमी कुठं?"

"या काठाला उतरलो तुला घेऊन, तर माझे भाऊ मला मारतील."

"त्या काठाला माझे मारतील."

"मग?"

"मग उतरायचंच कशाला?" ती म्हणते. पाण्यात पाय हलवते. "तुमाला गलबत चालवता येतं ना?"

असं झालं होतं त्यांचं लग्न. भटजी आले नाहीत, काजी आले नाहीत. 'जयवंती'वर डोलकाठीपाशी नारळ त्यानं फोडला, फातिहा तिनं म्हटली आणि खोबरं खलाशांनी खाल्लं. ना तिनं कुंकू लावलं, ना त्यानं टोपी घातली. मालकाला चांगला तांडेल हवा होता, त्यानं डोळेझाक केली. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती दोघं जमिनीवर फक्त पावसाळ्यात राहिली, आणि तेही कुठल्यातरी परक्या बंदरात, भाड्याच्या खोपटात. जैनबीला कौलारू घर हवं होतं. दर वर्षी कौलं वाहणाऱ्या गलबतावर बसून ती म्हणायची, यातली पाचशे मला दिलीत तर दर्याचं काय बिघडणार हाय?

होडी डुलते. धाकू तोल सावरतो आणि खाली बघतो, तर पायाखाली पुन्हा फळ्या आहेत, आणि त्या दोघांची वाकळ अंथरलेली. जैनबी उशी हातात घेऊन उभी आहे. पाठमोरीच.

"उठा. गलबत वळलं."

"अगं, आत्ता तर डोळा लागला होता."

"पाय पश्चिमेला आले. उठा म्हणते ना."

हे त्यांचं पहिलं भांडण. तिच्या लोकांत मक्का पश्चिमेला, तिकडे पाय करून झोपायचं नाही. त्याच्या लोकांत उत्तरेला डोकं फक्त मेलेल्या माणसाचं करतात. जमिनीवर हे सोपं होतं. दोघांनी उसं पश्चिमेला ठरवलं, पाय पूर्वेला, आणि वाद मिटला. पण गलबताला कुठली आलीय पूर्व-पश्चिम! वारा फिरला की शीड फिरवायचं, शीड फिरलं की गलबत वळायचं, आणि झोपलेल्या माणसाचे पाय आपोआप मक्केकडे. मग जैनबी उठायची, उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायची, खोळीचं तोंड आत दुमडायची, आणि धाकूला हलवून फिरवायची.

"तांडेल," म्हातारा खलाशी बुधाजी चुलीपाशी बसून ओरडतो. तो मेल्यालाही बरीच वर्षं झाली, पण विडी तीच आहे. "होका कशाला ठेवलाय गलबतावर? वैनीची उशी बघायची नि सुकाणू धरायचं!"

"तुझी विडी दर्यात टाकीन हां, बुधाजी," जैनबी म्हणते.

"टाका. पण भात करपतोय तो बघा आधी."

सुरुवातीला हाच बुधाजी तिच्या हातचं पाणी प्यायचा नाही. नंतर तिच्या हातची आमटी नसली तर जेवायचा नाही. धाकू हसतो. किती दिवसांनी हसतोय ते त्याला हसता हसताच कळतं, आणि हसू मध्येच थांबतं. चूल नाही. बुधाजी नाही. गलबतावर कुणीच नाही. नुसता होका आहे, पितळी डबीत, आणि त्याचा काटा थरथरतोय.

"तांडेल, पश्चिम कुठं?"

दिवसातून पाच वेळा ती हे विचारायची. गलबतावर तिच्या धर्माचं दुसरं कुणी नव्हतं. धाकू होक्यात बघायचा आणि हात लांब करून दाखवायचा. मग ती त्या हाताच्या रेघेत चटई टाकायची. आयुष्यात जितक्या वेळा तो देवळात गेला नसेल, तितक्या वेळा त्यानं तिला पश्चिम दाखवली होती. त्यात त्याला गंमत वाटायची आणि थोडा मानही. नमाज तिचा, पण वाट दाखवणारा तो.

आता ती चटई घेऊन उभी आहे, त्याच्या बोटाची वाट बघत. पाठमोरी. त्याचा हात वर होत नाही.

"दाखवा ना."

"जैनू, मी तुला चुकीचं दाखवलं."

"काय?"

"आफ्रिकेच्या फेरीत. पहिल्या नि शेवटच्या."

"पश्चिम कधी चुकीची असते काय?"

"पश्चिम बरोबर होती. मक्का चुकली."

तो होका खाली ठेवतो आणि गुडघे टेकून फळीवर बोटानं रेघा ओढतो. फळी वाळूसारखी मऊ आहे, रेघा उमटतात. महिन्यापूर्वी चहा पिताना हसनमियांनी काडीनं अशाच ओढल्या होत्या. सहज गप्पांत म्हणाले होते, आपल्याकडे नमाजाला पश्चिम, पण तिकडे आफ्रिकेच्या काठाला सगळे उत्तरेला तोंड करतात. धाकूच्या हातातला कप तसाच राहिला होता.

"हा आपला किनारा. ही मक्का. आणि ही आफ्रिका. इथनं बघितलं तर पश्चिम. तिथनं बघितलं तर थेट उत्तर. आपण जसजसे पुढं गेलो तसतशी ती सरकत गेली, आणि मी मात्र तुला रोज पश्चिमच दाखवत राहिलो. बावीस दिवस."

जैनबी रेघांकडे बघत नाही. पण तिचे खांदे हलू लागतात. त्याला वाटतं, रडते.

"म्हंजे शेवटी शेवटी मी," ती म्हणते, आणि तिला बोलवत नाही, इतकं हसू येतंय, "मी हबशांच्या जंगलाकडं बघून नमाज पढत होते?"

"हसू नको."

"हत्तींकडं बघून!"

"जैनू, हसू नको. तेवढंच नाय झालेलं."

तिचं हसणं थांबतं. गलबताची फळी ओली होते, मग चिखल होते. तिवरांची मुळं बोटांसारखी वर आलेली आहेत. हे ते बेट. इथं माणूस राहत नाही.

बाविसाव्या दिवशी पहाटे, किनारा दिसला त्याच पहाटे, ती तापात गेली. पुढच्या बंदरात तिच्या धर्माची माणसं होती, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. पण तापाचं माणूस मेलेलं कळलं तर बंदरात गलबत घेत नाहीत, चाळीस दिवस बाहेर ठेवतात. गलबतावर पाणी दहा दिवसांचं होतं. खलाशी म्हणाले, तांडेल, इथंच करू. आणि धाकू हो म्हणाला. बुधाजीनं काही न बोलता पिण्याच्या पाण्याचं पिंप उघडून दिलं. धाकूनं तिला स्वतः आंघोळ घातली. शिडाचं नवं कापड फाडून गुंडाळलं. कुणाला दुवा येत नव्हती. त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की तोंड पश्चिमेला हवं. त्यानं होका खड्ड्याच्या काठावर ठेवला, काटा स्थिर होईपर्यंत थांबला, आणि तिला उजव्या कुशीवर वळवून रेघभरही इकडेतिकडे न होता पश्चिमेकडे तोंड करून ठेवलं.

"मला वाटायचं," तो म्हणतो, "की बाकी काय नाय, तेवढं एक तरी मी नीट केलं. चौदा वर्षं मी त्या भरवशावर झोपलो. आणि आता कळतं की तेच चुकलं. मक्केकडं तुझी टाळू हाय आणि घराकडं पाठ. माझ्याकडं पण पाठ."

ती त्याच्यापुढे बसली आहे, मातीच्या लहानशा उंचवट्यावर. उंचवट्यावर कौलं आहेत, दोन्ही बाजूंनी उतरती लावलेली. गलबतातली कौलं, त्यानंच लावलेली. ती हातानं एक कौल चाचपते.

"ही कुणी घातली?"

"मीच."

"अजून गळत नाय हां एक पण." तिचा आवाज मऊ होतो. "एकदाचं झालं की माझं घर कौलारू."

"मी येतोय," धाकू घाईघाईनं म्हणतो. त्याला वाटतं, वेळ थोडा आहे. "हसनमिया नेतात म्हणाले. ते म्हणतात, कबर उघडायची नसते, पण तांडेल, तुमचं मन राहत नसेल तर मी अडवणार नाय. कुदळीला दांडा घातलाय. उघडीन आणि तुझं तोंड उत्तरेला करीन."

"उत्तरेला तोंड."

"हो."

"उजव्या कुशीवर."

"हो. तसंच ना?"

"मग डोकं कुठं येईल?"

धाकू डोळे मिटतो आणि मनातल्या मनात होका धरतो. उजवी कूस खाली, तोंड उत्तरेला. "पूर्वेला."

"आणि पाय?"

तो चिखलात बोटानं रेघ ओढतो.

"सांगा की. तांडेल ना तुमी?"

"पश्चिमेला."

"बघा!" जैनबी मांडीवर हात मारते. "सारी जिंदगी मी उशी घेऊन गलबतभर फिरले. बुधाजी हसला, सगळे खलाशी हसले. आणि आता तुमी कुदळ घेऊन एवढ्या लांब येणार, ते माझे पाय पश्चिमेला करायला?"

"तिथं चालतं ते. तिथं मक्का उत्तरेला हाय, सांगतोय ना."

"तुमाला चालेल. मला झोप लागायची नाय."

त्याला हसावं की रडावं कळत नाही. तो चिखलात बसतो. तिवरांमधून पाणी वर चढतंय, कोमट.

"थट्टा करू नको गं. मला खरं सांग. तो तुझा नमाज... ते तुझं शेवटचं... ते पोचलं का तुझ्या अल्लापर्यंत? तोंड दुसरीकडं असताना?"

जैनबी पदर सारखा करते. मग विचारते, "मी आता कुठं तोंड करून बसले?"

"तिकडं. पलीकडं."

"तुमाला माझं तोंड दिसतं?"

"नाय ना. केव्हापासून तेच तर."

"पण बोललेलं ऐकू येतं?"

"येतं."

"शब्द न् शब्द?"

"हो."

"तुमी माणूस असून तुमाला येतं," ती म्हणते. "मग त्याला आलं नसेल?"

पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं आहे. ठक, ठक-ठक, कुठेतरी कौलावर काहीतरी वाजतंय. धाकूला वाटतं, आता काहीतरी सुटायला हवं, छातीतला दगड हलायला हवा. हलतो थोडा. पण त्याच्याखाली दुसरा आहे.

"मग मी यायचं नाय?"

"झोपलेल्या माणसाला कूस बदलायला कुणी उठवतं का?"

"तू उठवायचीस."

"मी उठवायचे," ती कबूल करते. "पण तुमी कबरीत नव्हता झोपलेले."

"जैनू."

"तुमाला माझं तोंड फिरवायचं नाय. तुमाला ते बघायचंय." ती हे रागानं म्हणत नाही. भाताला पाणी किती लागेल ते सांगावं, तसं सांगते. "आणि ते आता तिथं नाय. चौदा वर्षं झाली. कुदळ मारून तुमाला जे दिसेल, ते बघून तुमी परत कसे याल? परतीचं गलबत कोण चालवील?"

तो म्हणतो, "खोपटात फार सामसूम असतं."

"असणारच."

"भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत. मेले सगळे, त्यांची पोरं पण बोलत नाहीत. आमटी करतो ती दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी टाकतो."

"कमी करा."

"कमी करता येत नाय. एकोणीस वर्षं तुझ्या अंदाजानं खाल्लं."

जैनबी उठते. लुगडं झटकते. त्याच्या लक्षात येतं की ती निघाली, आणि त्यानं अजून महत्त्वाचं काही विचारलेलंच नाही. पण महत्त्वाचं म्हणजे काय, ते आठवत नाही. पाणी त्याच्या छातीला लागतं. तो पाठीवर आडवा होतो, पाणी त्याला उचलतं, आणि पाण्याखाली त्याची वाकळ असते, वाकळीखाली फळ्या. वर शीड फडफडतं आणि दुसऱ्या बाजूला भरून येतं.

"उठा," ती म्हणते. "गलबत वळलं."

"वळू दे."

"पाय कुठं केलेत बघा. जरा पाठ वळली की झालं. डोकं उचला."

"नको. तू जाशील."

"डोकं उचला म्हणते ना, तांडेल."

तो डोकं उचलतो. मानेखालून उशी सरकते. दोन हात कानांजवळून जातात, कोथिंबिरीचा आणि डांबराचा वास येतो, आणि ती त्याच्यावर वाकते. त्याला तिचं तोंड दिसतं. उलटं दिसतं, डोक्याशी उभ्या माणसाचं दिसतं तसं. हनुवटी वर, कपाळ खाली. वरच्या दातांतली फट. म्हातारी झालेली नाही आणि तरुणही नाही. ती वैतागलेली आहे, झोपमोड झालेल्या बाईसारखी, आणि त्याच्याचकडे बघते आहे.

"फिरा," ती म्हणते.

तो फिरतो.

"तांडेल? ओ तांडेल!"

ठोकणं थांबलंय. बाहेर उन्हं उतरली आहेत. धाकू डोळे उघडतो आणि पायांच्या अंगठ्यांच्या मधून दर्या बघायला जातो, तर दर्या नाही. समोर चूल आहे. विझलेली, वर आमटीचं पातेलं झाकलेलं. दर्याचा आवाज मागून येतोय, उशाकडून.

तो तसाच पडून राहतो. पाय पूर्वेला. डोकं दाराकडे, पश्चिमेला.

"झोपलात काय?" दारातून हसनमियांचा आवाज येतो. धाकू मान मागे टाकून बघतो. हसनमिया उलटे दिसतात, हनुवटी वर, आणि त्यांच्या शेजारी उलटी कुदळ. "सांजेला येतो म्हटलं होतं. काय ठरवलंत? पाणी भरायला माणसं लावायचीत. एक जास्तीचं माणूस की नाय, तेवढं सांगा."

"नाय," धाकू म्हणतो.

हसनमिया कुदळीकडे बघतात. मग विचारतात, "मी त्या बेटावरनं जाईन. उतरू काय? फातिहा म्हणीन."

"म्हणा. आणि कौलं बघा," धाकू म्हणतो. "एखादं सरकलं असेल तर नीट करा. दुसरं काय हलवू नका."

"बरं."

"ती कुदळ न्या. गलबतावर लागते."

हसनमियांची पावलं वाळूवरून लांब जातात. धाकू उठून बसतो. अंगाखालची वाकळ चुरगळलेली आहे. खाटेच्या ज्या टोकाला त्यानं दुपारी डोकं ठेवलं होतं तिथं सावरीच्या कापसाचे चार धागे पडले आहेत. तो वळून उशी हातात घेतो आणि खोळीच्या उघड्या तोंडात कापूस आत ढकलायला अंगठा घालतो. अंगठा जात नाही. तोंड आत दुमडलेलं आहे, एकदा आणि मग पुन्हा एकदा, आणि कड खाली दाबून बसवलेली आहे.

तो ती उलगडत नाही. उशी होती तिथंच ठेवतो, दर्याच्या बाजूला.